झाकणाच्या आतली बाजू

३१ ऑक्टोबर १९४३ रोजी ‘लुर्लाईन’ नावाचं अमेरिकन जहाज मुंबई बंदराला लागलं. शांततेच्या काळात हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून हवाई बेटांवर हौशी प्रवासी नेत असे. युद्धात ते सैन्याच्या दिमतीला लागलं होतं. त्यातून उतरलेले सुमारे तीन हजार शिपाई पुढे ‘मेरिल्स मरॉडर्स’ या नावानं ओळखले गेले. ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी फळीच्या मागे शिरून लढायला आपण होऊन पुढे आलेली ही माणसं. मुंबईत त्यांना फार काळ ठेवलं नाही. त्यांना देवळालीच्या ब्रिटिश छावणीत हलवलं, आणि तिथून पुढच्या सरावासाठी मध्य भारतात देवगढकडे.

मुंबईहून देवळालीला रेल्वेनं जायचं तर थळ घाट चढल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे कल्याण सुटलं की वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा. हा आमचा शहापूर तालुका. कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, कारण पुढे इगतपुरीपर्यंत ३७ फुटांना एक फूट अशी चढण आहे. त्यामुळे गाडी तिथे थांबते. आजही थांबते. त्या गाड्याही थांबल्या असणार, आणि फलाटावर आमच्याकडची माणसं असणार: गँगमन, पाणक्या, कॅबिनवाला, लाकूड घेऊन आलेले ठाकर.

आमच्याकडे या गाड्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्या काळाबद्दल बोलतात ते सिद्धगडाबद्दल, आणि ते योग्यच आहे. त्याच वर्षी, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे, मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मुंबईला वीज नेणारे मनोरे त्यांच्या आझाद दस्त्यानं पाडले होते. अजूनही दर २ जानेवारीला लोक तिथे जमतात. त्या जानेवारीनंतर दहा महिन्यांनी याच डोंगरांच्या उत्तरेच्या रुळांवरून अमेरिकन शिपायांच्या गाड्या गेल्या. एका तालुक्यात इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्यांचं रक्त सांडलेलं, आणि शेजारच्या तालुक्यातून इंग्रजांच्या दोस्तांचं सैन्य चाललेलं. शाळेत इतिहास शिकवताना या दोन तारखा मी नेहमी फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत असे. पुस्तकात त्या एका पानावर कधी येत नाहीत.

मी घड्याळजीची मुलगी. आप्पांचं दुकान शहापूरच्या बाजारपेठेत होतं. पुढे एक पाट, काचेची पेटी, त्यात चिमटे, ब्रश, पेट्रोलची वाटी आणि डोळ्याला लावायचं भिंग. मी तालुक्यातल्याच शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आप्पांच्या हत्यारांच्या पेटीकडे परत वळले. जमवते ती घड्याळं अमेरिकन सैन्याची. ती आमच्या भागात ज्या घरांत निघतात त्या घरांची हकिगत, ज्यांनी ती दुरुस्त केली त्यांच्या खुणा आणि पावत्या, हे सगळं मी सोबत जमवते. नुसतं घड्याळ विकत घेऊन कपाटात ठेवण्यात मला रस नाही.

आधी घड्याळाविषयी. अमेरिकन सैन्यात प्रत्येक शिपायाला मनगटी घड्याळ मिळत नसे. ज्याच्या कामाला वेळेची गरज होती त्याला ते सरकारी खात्यावर मिळायचं. ती मालमत्ता सरकारची, काम संपलं की परत करायची. पायदळ आणि तोफखान्यासाठी ही घड्याळं ऑर्डनन्स खातं घेत असे. एल्जिन, वॉल्थम, हॅमिल्टन, बुलोव्हा या कंपन्या ती बनवत आणि मागच्या झाकणावर ‘ऑर्ड. डेप्ट. यू.एस.ए.’ अशी अक्षरं व एक क्रमांक ठोकत. विमानदलाचं घड्याळ वेगळं. त्याचं नाव ए-११. काळी तबकडी, पांढरे ठळक अंक, मध्यातून फिरणारा सेकंदकाटा, आणि झाकणावर चार-पाच ओळींचा मजकूर: प्रकार ए-११, विनिर्देश क्रमांक ९४-२७८३४, मग ‘एएफ ४३’ किंवा तत्सम वर्ष सांगणारा क्रमांक, ऑर्डर क्रमांक, कारखान्याचा क्रमांक. दिवसाला ३० सेकंदांपेक्षा जास्त पुढे-मागे होता कामा नये, अशी अट होती.

ए-११ ची खरी करामत चावीत आहे. चावी बाहेर ओढली की आत एक बारीक पट्टी सरकते आणि बॅलन्सच्या चाकाला टेकते. बॅलन्स जागीच थांबतो, सेकंदकाटाही थांबतो. उड्डाणाआधी सगळे वैमानिक काटा साठावर आणून चावी ओढून धरत, अधिकाऱ्यानं खूण केली की सगळे एकदम चावी आत ढकलत. मग दहा विमानांतली दहा घड्याळं एका सेकंदावर चालू लागत. बॉम्ब कुठल्या क्षणी टाकायचे, कुठे वळायचं, किती मिनिटांनी समुद्रकिनारा दिसला पाहिजे, हे सगळं त्या सेकंदावर अवलंबून. तो थांबलेला बॅलन्स भिंगातून पाहिला की माझ्या अंगावर काटा येतो. इतक्या छोट्या पट्टीवर इतक्या माणसांचं जगणं-मरणं टेकलेलं होतं.

ते शिपाई आमच्या रुळांवरून गेले तेव्हा त्यांनी घड्याळं कुठल्या वेळेला लावली असतील, हाही प्रश्न मला पडतो, आणि त्याचं उत्तर मिळतं. युद्धकाळात सरकारनं देशाचं घड्याळ एक तास पुढे केलं होतं. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे होती. त्यामुळे १९४३ च्या नोव्हेंबरात माहुलीच्या सुळक्यांवर सूर्य येई तेव्हा आसनगाव स्टेशनचं घड्याळ आजच्यापेक्षा एक तास पुढचं दाखवत होतं. गावात मात्र कोंबडा आणि सावली यांचीच वेळ चालू होती.

आता मुद्द्याकडे येते. अमेरिकन घड्याळ एका विचारावर उभं आहे. १८५० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये ॲरन डेनिसन आणि त्याच्या भागीदारांनी यंत्रावर घड्याळाचे भाग बनवायला सुरुवात केली. पुढे हीच कंपनी वॉल्थम गावात स्थिरावली. कुठलंही चाक कुठल्याही घड्याळात बसलं पाहिजे, हा तो विचार. तोपर्यंत युरोपात घड्याळ म्हणजे एकेका कारागिराच्या हातचं काम, प्रत्येक दाता त्याच घड्याळापुरता घासलेला. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात वॉल्थमनं आपली यंत्रं मांडली तेव्हा स्विस माणसं हादरली. झाक डेव्हिड नावाच्या स्विस अभियंत्यानं परत जाऊन आपल्या लोकांना स्पष्ट सांगितलं, हे शिकलो नाही तर आपला धंदा बुडेल. स्विस लोक शिकले, म्हणून टिकले.

दुसऱ्या महायुद्धात या विचाराचा कळस झाला. १९४२ नंतर अमेरिकन कारखान्यांनी घरगुती घड्याळं बाजूला ठेवली आणि सैन्याची बनवली. हॅमिल्टन तर नौदलासाठी जहाजावरचे क्रोनोमीटर हजारोंनी बनवू लागली. त्याआधी ते काम युरोपातल्या कारागिरांचं मानलं जाई. एप्रिल १९४५ मध्ये युद्धखात्यानं टीएम ९-१५७५ नावाची दुरुस्तीची पुस्तिका काढली. मनगटी घड्याळं, खिशातली घड्याळं, स्टॉपवॉच आणि मोठी घड्याळं, सगळ्यांची. हॅमिल्टन ९८७ए चं मशीन कसं खोलायचं, कुठे किती तेल द्यायचं, हे आकृत्यांसह आहे. त्या पुस्तिकेचा सूर एकच: भाग खराब झाला, तो काढा, डब्यातून नवा घ्या, बसवा. घड्याळजीनं भाग घडवावा अशी अपेक्षाच नाही.

आमच्याकडे तो डबा कधी आला नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी चलनाची टंचाई होती, आयातीवर कडक बंधनं होती. स्विस घड्याळांचे भाग मुंबईत कसेबसे मिळत. वेस्ट एंड आणि फावर ल्यूबा या कंपन्यांचा मुंबईत जुना जम होता. वेस्ट एंडचं ‘सोवार’ घड्याळ पहिल्या महायुद्धापासून हिंदी सैन्यातल्या माणसांच्या ओळखीचं. पण एल्जिन किंवा वॉल्थमचा बॅलन्स स्टाफ शहापूरला कोण आणून देणार? घड्याळ हातातून पडलं की पहिला मोडतो तो हाच. केसाएवढ्या जाडीच्या टोकांचा पोलादी दांडा, ज्यावर बॅलन्स फिरतो. अमेरिकन पुस्तिकेप्रमाणे तो डब्यातून काढायचा. आप्पा तो सुईच्या पोलादातून कातून काढत.

ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हातानं धनुकली फिरवायची, तिची दोरी दांड्याच्या पुलीला वेढा घेते, दांडा पुढे-मागे फिरतो आणि दुसऱ्या हातातलं हत्यार पुढच्या फेऱ्यात टेकवायचं, मागच्या फेऱ्यात उचलायचं. टेकवताना श्वास रोखायचा. दोन्ही टोकं एकसारखी आली नाहीत तर घड्याळ उभं धरलं की एक वेळ दाखवणार आणि पालथं ठेवलं की दुसरी. एक दांडा करायला संपूर्ण दुपार जायची आणि शेवटच्या पॉलिशला टोक मोडलं तर सगळं पुन्हा. त्या दुपारी आम्ही मुलं दुकानात पाय वाजवत नसू.

यंत्रानं बनवलेलं, भाग बदलत राहण्यासाठीच घडवलेलं घड्याळ आमच्याकडे ज्या हातांनी चालू ठेवलं, ते हात त्याच जुन्या कारागिरीचे होते जिला वॉल्थमनं मोडीत काढलं होतं. माझ्या मते या घड्याळांच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि परदेशी संग्राहकांच्या पुस्तकांत तो नाही. तिथे ‘अस्सल’ म्हणजे कारखान्यातून जसं निघालं तसं. काटा बदललेला असेल, चावी दुसऱ्या कंपनीची असेल, स्टाफ हातचा असेल, तर भाव उतरतो. बाजाराचा तो हिशोब असेल, पण इतिहासाचा हिशोब तसा नसतो. कारखान्यातून निघाल्यावर कपाटात पडून राहिलेलं घड्याळ फार थोडं सांगतं. सत्तर वर्षं चाललेलं घड्याळ, ज्यात वेस्ट एंडचा मिनिटकाटा आहे आणि शहापूरचा स्टाफ आहे, ते बोलतं.

इथे एक भेद मात्र काटेकोर पाळायला हवा. दुरुस्ती वेगळी आणि बनवाबनवी वेगळी. मुंबईच्या चोरबाजारातून आणि आता घरबसल्या मागवता येणारी कितीतरी ‘सैनिकी’ घड्याळं अशी असतात की तबकडी नव्यानं रंगवलेली, त्यावर ठसठशीत ‘यू.एस. आर्मी’, केस भलतीच, आत कसलंतरी मशीन कोंबलेलं. जगभरचे संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि त्यामुळे आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक घड्याळाकडे संशयानं पाहिलं जातं. मला याचा राग येतो. ज्या शहरानं ही घड्याळं जिवंत ठेवली त्याच शहराचं नाव खोट्या मालाला चिकटलं. म्हणून तपासायचं कसं ते कुणी विचारलं तर मी सविस्तर सांगते. तबकडीवर कधीही भरवसा ठेवू नका, ती सगळ्यात सोपी रंगवायची वस्तू. मशीनवरचा क्रमांक वाचा. एल्जिन, वॉल्थम आणि हॅमिल्टन यांच्या क्रमांकांवरून कारखान्याचं वर्ष काढण्याच्या याद्या उपलब्ध आहेत. मग झाकणावरचा मजकूर वाचा आणि दोघांचं वर्ष जुळतं का पाहा. १९४३ च्या झाकणाखाली १९२० चं मशीन निघालं तर कुणीतरी दोन घड्याळांचं एक केलेलं आहे. अंक अंधारात चमकणारे असतील तर ते रेडियम. चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याचं निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. तबकडी खरवडू नका, पावडर फुंकू नका, लहान मुलांच्या हातात देऊ नका. हे मी प्रत्येक घरात सांगते.

घरांत हकिगत नेहमी एकच ऐकू येते: “आजोबांना गोऱ्या शिपायानं दिलं.” कुणाचे आजोबा कसाऱ्याला, कुणाचे देवळालीच्या छावणीत कामाला, कुणाचे कल्याणच्या. कल्याणजवळ ब्रिटिशांची मोठी संक्रमण छावणी होती. तिथल्या बराकींत पुढे सिंधमधून आलेले निर्वासित राहिले आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. मुरबाडची माणसं कल्याणला बाजाराला जात, कामालाही जात. तेव्हा हकिगत अशक्य नाही. पण विचार केला की एक अडचण दिसते. झाकणावर सरकारी अक्षरं असलेलं घड्याळ शिपायाला परत करावं लागे, त्याचा हिशोब द्यावा लागे. उलट पुष्कळ शिपायांकडे स्वतःचं, घरून आणलेलं, आईनं किंवा बायकोनं दिलेलं घड्याळ असे. त्यावर सैन्याची एकही खूण नसे. द्यायचं, विकायचं, पत्त्यांत हरायचं तर हे. म्हणजे खरोखर शिपायानं दिलेलं घड्याळ बहुधा बिनअक्षरी असणार, आणि आज संग्राहक त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. अक्षरांचं घड्याळ आमच्याकडे यायच्या वाटा दुसऱ्या. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याचा शिल्लक माल भारतात विकला गेला, ही मोठी वाट. कोरियातून परतलेले जवान, ही आणखी एक शक्यता मी तपासत असते. १९५३-५४ मध्ये युद्धकैद्यांच्या बंदोबस्तासाठी भारताचं कस्टोडियन फोर्स तिथे होतं, आणि त्याचे प्रमुख होते आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात.

खर्डीच्या बाजूच्या एका घरातली गोष्ट सांगते. घरातला तरुण मुलगा घड्याळ घेऊन आला. पणजोबा रेल्वेत गँगमन, युद्धात त्यांना अमेरिकन शिपायानं दिलेलं. घड्याळ सुंदर होतं. राखाडी, चकाकी नसलेली पोलादी केस, काळी तबकडी, १ ते १२ अंकांच्या आत १३ ते २४ ची छोटी रांग. मी पालथं केलं आणि कळलं. पाठीवर जीजी-डब्ल्यू-११३ हा विनिर्देश होता. हा विनिर्देशच मुळी १९६७ चा. व्हिएतनाम युद्धाच्या काळातला. शिवाय या घड्याळांवर बनल्याचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, आणि यावर ते १९६० च्या दशकातलं होतं. बनवणारी कंपनी बेन्रस. या केसला मागचं झाकण नसतंच. एकसंध पोलादी वाटी, मशीन काढायचं तर वरची काच उचलून काढावं लागतं. १९४३ शी त्याचा काही संबंध असूच शकत नाही.

त्या मुलाचा चेहरा उतरला. त्याला मी म्हटलं, घड्याळाचं वर्ष ठरलं, पणजोबांचं अजून ठरायचंय. घरात कागद काय आहेत? पेन्शनचे कागद निघाले. पणजोबा युद्धाच्या वर्षांत कसाऱ्यालाच होते. मग त्याच्या आजीला विचारलं. ती आधी गप्प, मग म्हणाली, “हे नव्हं ते. हे तुझ्या आजानं मुंबईला घेतलं. ते पहिलं बारकं होतं, पांढऱ्या तोंडाचं. म्हशाच्या जत्रेला बैलाला पैसे कमी पडले तेव्हा गेलं.” मागे काही लिहिलेलं होतं का? “काय नव्हतं. कोरं होतं.”

म्हशाची जत्रा म्हणजे मुरबाड तालुक्यातली पौषी पौर्णिमेची मोठी बैलांची जत्रा. घोंगड्यांचीही. तिथे एक कोरं, पांढऱ्या तबकडीचं घड्याळ एका बैलाच्या किमतीत मिसळून गेलं. आजीनं सांगितलेलं मी तारीख घालून उतरवून घेतलं, तिचा अंगठा घेतला आणि त्या मुलाला एक प्रत दिली. बेन्रस त्याच्याचकडे आहे. पहिल्या घड्याळाची हकिगत दुसऱ्याच्या गळ्यात पडली होती, एवढंच. लोक खोटं बोलत नाहीत. वस्तू गेली की तिची गोष्ट शेजारच्या वस्तूवर जाऊन बसते. ती सोडवून पुन्हा जागच्या जागी ठेवणं हे माझं काम.

१९६१ मध्ये बंगलोरला सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीचा कारखाना सुरू झाला आणि हळूहळू आमच्याकडच्या मनगटांवर ‘जनता’ आली. सैन्यासाठी ‘जवान’ आलं. आप्पांना एचएमटीचा अभिमान होता, त्याचे भाग मिळत, मशीन सरळ. अमेरिकन घड्याळं मागे पडली ती तेव्हापासून. मग क्वार्ट्झ आलं, मोबाइल आला, २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. बाजारपेठेतल्या घड्याळजींच्या दुकानांत आता सिमकार्ड विकतात. दुकान बंद होताना हत्यारं भंगारात जातात आणि वह्या रद्दीत. वह्या जातात याचं मला जास्त दुःख आहे, कारण त्या वह्यांशिवाय झाकणं वाचता येत नाहीत.

झाकणं वाचणं म्हणजे काय ते सांगते. घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं बारीक खूण करतो. जगभर करतात. परत आलं तर आपण कधी काय केलं ते कळावं म्हणून. आमच्या भागात निघालेल्या अमेरिकन घड्याळाचं झाकण उघडा. बाहेरून इंग्रजी अक्षरं, सरकारी क्रमांक, खोल आणि एकसारखे ठोकलेले. आतून गोलाकार पॉलिशवर सुईच्या रेघा, देवनागरी आकडे, कुणाचं ‘श्री’, कुणाचं नुसतं आद्याक्षर, एकाखाली एक, तिरपे, जागा मिळेल तसे. उजेड तिरका धरला तरच दिसतात. भाव वाढावा म्हणून काही व्यापारी हे आतून घासून चकचकीत करून टाकतात. कृपा करून कुणी करू देऊ नका. बाहेरची अक्षरं एका कारखान्यात हजारो झाकणांवर पडली, आतल्या रेघा त्या एकाच झाकणावर आहेत.

माझ्याकडच्या एका ऑर्डनन्स एल्जिनच्या झाकणात अशा सात खुणा आहेत. दोन आप्पांच्या, त्यांचा पाच मी कुठेही ओळखीन. बाकीच्या कळेनात. मुरबाडला एक जुने घड्याळजी अजून बसतात, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी भिंग लावलं, उजेडाकडे वळले, बराच वेळ बोलले नाहीत.

“बाई, ह्या नऊची शेपटी बघा. आत वळलेय. हे माझ्या उस्तादांचं.”

“तारीख नाही ना पण?”

“ते तारीख नाय घालायचे. पावतीचा नंबर घालायचे.”

पावती पुस्तकं त्यांनी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती; कुणी रद्दीवाल्याला दिली नाहीत. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण आकडे शाबूत. झाकणातला क्रमांक पुस्तकात सापडला. १९५६ चा पावसाळा. घड्याळ: एल्जिन, मागे इंग्रजी अक्षरं. काम: स्टाफ नवा केला, कमान साफ. रक्कम: चार रुपये, दोन हप्ते. गिऱ्हाईक: एस.टी. कंट्रोलर, मुरबाड. आणि शेऱ्याच्या रकान्यात जाड पेन्सिलीनं: सकाळच्या पहिल्या गाडीआधी देणे.